सरकारदरबारी लांडगा

अवधच्या राज्यातला एक घोडेस्वार 1847 च्या सुमारास सुलतानपूरजवळच्या एका गावी सारावसुलीच्या तगाद्याला निघाला होता. भर दुपारी गोमती नदीच्या काठाने जाताना एका बिळातून मोठी लांडगी बाहेर पडताना त्याला दिसली. तिच्यामागे तीन पिल्लं, आणि पिल्लांच्या बरोबरीने हातापायांवर पळणारं एक माणसाचं पोर. सगळी नदीवर गेली, पाणी प्यायली आणि परत फिरली. स्वाराने घोडा मध्ये घालून पोराला अडवायचा प्रयत्न केला, पण तेही पिल्लांच्याच वेगाने बिळात शिरलं. गावातून माणसं आली, कुदळी आल्या. सहा-आठ फूट खणल्यावर लांडगी आणि पिल्लं उसळून बाहेर पळाली, पोर तेवढं हाती लागलं. पुढे ते सुलतानपूरच्या पलटणीवरच्या कॅप्टन निकोलेट्सकडे पोचलं. शिजवलेलं अन्न त्याला नको असे, कच्चं मांस हवं असे. अंगावर कपडा ठरू देत नसे. कुत्री शेजारी येऊन त्याच्याच पानात जेवली तरी त्याची हरकत नसे. ऑगस्ट 1850 मध्ये ते पोर वारलं.

ही हकीकत लिहून ठेवली ठगांच्या बंदोबस्ताबद्दल आपल्याकडे सुपरिचित असलेल्या विल्यम स्लीमनने. तो तेव्हा लखनौला रेसिडेंट होता. अवधभर फिरताना ऐकलेल्या अशा अनेक कहाण्या त्याने गोळा केल्या आणि 1852 मध्ये इंग्लंडातल्या प्लिमथ इथे त्यांची छोटी पुस्तिका निघाली. त्यानंतर लांडग्यांनी वाढवलेल्या मुलांचं पीकच आलं. आग्र्याजवळच्या सिकंदरा मिशनमधला दीना सनीचर, 1920 मध्ये मिदनापूरला मिळालेल्या म्हणून गाजलेल्या अमला आणि कमला, आणि या साऱ्यांच्या मधोमध 1894 मधला किपलिंगचा मोगली. अमला-कमलाची कथा बनावट होती, असं पुढे कागदपत्रं तपासणाऱ्यांनी दाखवून दिलं. बाकीच्यांतली बरीच पोरं मतिमंद किंवा टाकून दिलेली असावीत, असं मानायला जागा आहे. मला स्वतःला लांडगीच्या दुधावर वाढलेलं पोर पटत नाही.

पण स्लीमनच्या त्याच पानांवर एक वेगळी माहिती आहे. मोगलीच्या नादात तिच्याकडे दुर्लक्ष झालं. सुलतानपूरच्या आसपास गोमतीच्या घळींमध्ये लांडगे फार, आणि ते दर वर्षी कितीतरी मुलं उचलून नेत. तरीही लोक त्यांना मारायला धजत नसत. ज्या गावच्या शिवेत लांडग्याच्या रक्ताचा थेंब सांडेल ते गाव ओस पडतं, अशी समजूत होती. आणि अंगावर काटा आणणारी गोष्ट अशी, की लांडग्यांच्या बिळांपाशी सापडणाऱ्या मुलांच्या अंगावरच्या सोन्याचांदीच्या दागिन्यांवर गुजराण करणारी माणसंही त्या भागात होती. लांडगे संपले तर त्यांचा धंदा बसणार. वन्यप्राणी आणि माणूस यांच्यातल्या गुण्यागोविंदाच्या सहजीवनाची चित्रं रंगवणाऱ्यांनी हा मजकूर एकदा वाचावा.

अवधमध्ये हे का घडत होतं, याचं उत्तर जमिनीत आहे. गंगेच्या खोऱ्यातली रानं शतकानुशतकं नांगराखाली जात होती. हरणं संपली, की लांडग्याला उरतात शेळ्यामेंढ्या. त्याही रात्री कोंडून ठेवल्या, की उरतं अंगणात, ओसरीवर, उकाड्यामुळे उघड्यावर झोपलेलं मूल. लांडगा साधारण वीस किलोचा, शरीराने काटक जनावर. मोठ्या माणसाच्या वाटेला तो सहसा जात नाही. पिसाळलेला असेल तर गोष्ट वेगळी. पिसाळलेला लांडगा दिसेल त्याला चावत सुटतो, आणि जुन्या नोंदींमधले काही बळी असेही असणार.

1857 नंतर अवध आणि उरलेला मुलूख राणीच्या राज्यात आला, आणि लांडग्याची गाठ पडली ती त्याला ओळखतच नसलेल्या राज्यकर्त्यांशी. इंग्लंडमधले लांडगे पंधराव्या शतकाच्या अखेरीसच संपले होते. स्कॉटलंडमध्ये ते सतराव्या शतकापर्यंत टिकले, आयर्लंडमध्ये अठराव्या. म्हणजे हिंदुस्थानात येणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्याच्या डोक्यात लांडगा होता तो बालकथेतला, आणि त्याला संपवणं म्हणजे सुधारणा, हा त्याच्या देशाचा अनुभव होता. त्यात भर म्हणून सरकारला पडीक जमीन लागवडीखाली आणून सारा वाढवायचा होता. जनावरांच्या भीतीने रयत गाव सोडते, ही तक्रार त्यामुळे थेट महसुलाची तक्रार होती.

1870 च्या दशकात हिंसक प्राण्यांचे वार्षिक तक्ते व्यवस्थित निघू लागले. प्रांतवार रकाने: प्राण्याचं नाव, त्याने मारलेली माणसं, मारलेली गुरं, लोकांनी मारलेले प्राणी, वाटलेलं बक्षीस. वाघ, बिबळ्या, अस्वल, लांडगा, तरस, हत्ती आणि शेवटी साप. सर्पदंशाने दगावणाऱ्यांचा आकडा दर वर्षी 15,000 च्या पुढे असे. त्यापुढे बाकी सगळे रकाने किरकोळ दिसत. पण लांडग्याचा रकाना उत्तर हिंदुस्थानात दचकवणारा होता. 1876 मध्ये वायव्य प्रांत आणि बिहार मिळून 721 माणसं लांडग्यांनी मारल्याची नोंद आहे. त्याच वर्षी तिथे 2,825 लांडगे मारले गेले. दोन वर्षांनी आकडे होते 624 माणसं आणि 2,600 लांडगे.

हे आकडे तंतोतंत मानायचं कारण नाही. गावच्या चौकीदाराने सांगायचं आणि ठाण्याने लिहायचं, अशी ती रीत. नकोशी मुलगी गेली तरी लांडग्याच्या नावावर घालायची सोय होतीच. तरीही सगळा आकडा खोटा म्हणावा असा पुरावा नाही. दीडशे वर्षांनीही तोच मुलूख तशाच कारणाने बातम्यांत येतो, याकडे पुढे येऊच.

या तक्त्यांनी वरिष्ठ वर्तुळात मोठी चर्चा पेटवली. विषारी सापांवर मोठा ग्रंथ लिहिणारा शल्यचिकित्सक जोसेफ फेरर मरणाऱ्या माणसांचे आकडे इंग्लंडातल्या सभांपुढे मांडत होता. बी. रॉजर्स नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने तर पगारी शिकाऱ्यांची फळी उभी करून हिंसक प्राण्यांचा समूळ बंदोबस्त करावा, अशी योजनाच सुचवली. तेवढा खर्च सरकारला करायचा नव्हता. त्यापेक्षा जुना, स्वस्त मार्ग बरा वाटला. मारलेलं जनावर कचेरीत आणा, बक्षीस घ्या.

याच काळात, 1878 मध्ये, लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत हत्यारांचा कायदा आला. परवान्याशिवाय रयतेच्या हातात बंदूक राहिली नाही. एकीकडे सरकार म्हणतंय जनावरं मारा, दुसरीकडे मारायचं साधन काढून घेतंय, ही विसंगती देशी वर्तमानपत्रांनी तेव्हाच चव्हाट्यावर मांडली होती. पिकं रानडुकरं खातात, मुलं लांडगा नेतो आणि शेतकऱ्याच्या हाती काठी, हा त्यांचा युक्तिवाद होता. सरकारने परवान्यांत थोडी ढिलाई केली, पण 1857 विसरायला ते तयार नव्हतं.

वाघाची शिकार साहेबाची होती. हत्ती, मचाण, हाकारे, शेवटी फोटो. लांडग्याच्या कातड्याला दिवाणखान्यात जागा नव्हती. म्हणून लांडगेतोड झाली ती गरिबांच्या हातून, सापळ्यांनी, विषाने, बिळात धूर करून. बक्षिसाच्या पद्धतीतच एक भोक होतं. पिल्लांनाही पैसे मिळतात म्हटल्यावर बिळं उकरणारा माणूस लांडगीला कशाला मारेल? ती राहिली तर पुढच्या हंगामात पुन्हा पिल्लं. कोल्ह्याची पिल्लं लांडग्याची म्हणून खपवली जातात, अशा तक्रारीही अधिकारी करत. कातडं पुन्हा वापरात येऊ नये म्हणून त्यावर खुणा करण्याची वेळ आली, यावरून व्यवहार कोणत्या पातळीला गेला असेल ते समजतं.

आता दख्खनकडे येऊ. इथली गोष्ट वेगळी होती, आणि सरकारला ते ठाऊक असायला हवं होतं. कारण हिंदुस्थानी लांडग्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन याच माळावरचं. विल्यम हेन्री साइक्स 1817 च्या खडकीच्या लढाईत इंग्रजांकडून लढला, आणि पेशवाई बुडाल्यावर मुंबई सरकारने त्याला दख्खनची सांख्यिकी गोळा करायला नेमलं. जमीन, पिकं, वजनमापं, लोकसंख्या मोजता मोजता त्याने पक्षी आणि प्राणीही टिपले. 1831 मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेपुढे त्याने दख्खनच्या सस्तन प्राण्यांची यादी ठेवली. तीत आपला लांडगा युरोपातल्या लांडग्याहून वेगळी जात म्हणून नोंदला गेला, 'कॅनिस पॅलिपेस' या नावाने. साइक्सला दिसलेलं ते वेगळेपण पुढे जनुकांच्या अभ्यासातून ठळकपणे समोर आलं: हिंदुस्थानी लांडग्याची शाखा जगातल्या फार जुन्या शाखांपैकी एक आहे.

आठ वर्षांनी, 1839 मध्ये, वॉल्टर एलियट या मद्रासकडच्या अधिकाऱ्याने दक्षिण मराठा मुलखातल्या प्राण्यांची यादी छापली. धारवाडकडच्या माळावर लांडगे चिंकाऱ्याची शिकार कशी करतात, हे त्यात आहे. काही जण ओघळीत किंवा जमीन उकरून केलेल्या खळग्यात दबा धरतात, बाकीचे हरणांना हाकत त्यांच्याकडे आणतात. म्हणजे इथे लांडग्याला खायला रान होतं. कुसळीचे माळ, त्यावर काळवीट, चिंकारा, ससे, खोकड, माळढोक. आणि माणसाची मेंढरं तर होतीच.

मेंढरं म्हणजे धनगर. दिवाळी झाली की माण, खटाव, फलटण, माळशिरस भागातले वाडे, म्हणजे धनगरांचे फिरते तळ, आजही निघतात, कोणी कोकणाकडे, कोणी नदीकाठच्या काळ्या रानाकडे. घोड्यावर संसार, त्यावर पाय बांधलेल्या कोंबड्या, चालता न येणारी कोकरं पाठीशी. शेतात मेंढरं बसवायची म्हणजे शेतकऱ्याला लेंडीखत आणि धनगराला धान्य किंवा पैसा. रात्री कळपाभोवती वाघर, म्हणजे जाळी, ताणतात, कोपऱ्यांवर कुत्री, आणि बाहेरच्या कडेला माणसं अंगावर घोंगडी घेऊन पडतात. लांडगा येतो तो पहाटेच्या आधी. एक जण कुत्र्यांना दिसेल असा समोर उभा राहतो. कुत्री त्याच्यामागे धावली, की दुसऱ्या बाजूने दुसरा वाघरीवरून उडी टाकून कोकरू उचलतो. आरडाओरडा होतो, बॅटऱ्या फिरतात, शिव्यांची लाखोली वाहिली जाते, आणि सकाळी वाडा पुढच्या मुक्कामाला लागतो.

धनगराला लांडगा आवडतो असं म्हणणं खोटं ठरेल. तो त्याला हाकलतो, संधी मिळाली तर बिळही बुजवतो. पण लांडगा आपला वाटा नेणारच, हा हिशेबही त्याच्या मनात पक्का असतो. किती मेंढरं रोगाने जातील, किती गाडीखाली, किती लांडग्याला, याचा अंदाज धरूनच धंदा चालतो. दख्खनच्या माळावर लांडगे शतकानुशतकं टिकले याचं मुख्य कारण हा हिशेब. मुलं उचलण्याची जी परंपरा अवध आणि बिहारच्या नोंदींत पानोपानी दिसते, तशी ती दख्खनमध्ये गाजलेली नाही.

सरकारी तक्त्यात मात्र लांडग्याला रकाना एकच. गोमतीकाठच्या लांडग्याचं डोकं आणि भीमेकाठच्या लांडग्याचं डोकं, दोन्ही बक्षीसपात्र. महेश रंगराजन या इतिहासकाराने सरकारी नोंदींवरून काढलेला अंदाज असा: 1875 ते 1925 या पन्नास वर्षांत बक्षिसासाठी 80,000 हून अधिक वाघ, दीड लाखाहून अधिक बिबळे आणि 2,00,000 लांडगे मारले गेले. वाघांचा आकडा आपल्याला पाठ असतो. लांडग्याचा आकडा त्याच्या अडीच पट, आणि तो कोणाच्या गावीही नसतो.

इतकी कत्तल होऊनही विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दख्खनमध्ये लांडगे होते. विणीला चार-पाच पिल्लं देणारं, दूरवर भटकणारं हे जनावर बक्षिसांना पुरून उरलं. त्याला खरा फटका बसला तो पाटाच्या पाण्याने. 1876 ते 1878 च्या भीषण दुष्काळाने दख्खन होरपळली, आणि दुष्काळावर इलाज म्हणून सरकारने पाटबंधारे हाती घेतले. भोरजवळ भाटघरचं धरण झालं आणि नीरेच्या डाव्या कालव्याचं पाणी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बारामती, इंदापूरच्या माळांकडे वळलं. पुढे उजवा कालवा फलटण, माळशिरसकडे गेला. 1930 च्या दशकात माळीनगर, वालचंदनगरचे साखर कारखाने उभे राहिले. जिथे काळवीट चरत होतं तिथे ऊस डोलू लागला. या पाण्याने लाखोंच्या पोटाला अन्न दिलं, त्याला नावं ठेवण्याचा करंटेपणा मी करणार नाही. पण लांडग्याच्या बाजूने पाहिलं तर जे शिकाऱ्यांना पन्नास वर्षांत जमलं नाही ते कालव्यांनी केलं. उसाच्या फडात बिबट्या मजेत राहतो, पिल्लंही घालतो, जुन्नरकरांना विचारा. लांडग्याला मात्र मोकळं रान लागतं.

पाणी पोचलं नाही तिथेही माळ सुरक्षित राहिले नाहीत. इंग्रजी जमाबंदीने जे न पिकणारं ते पडीक, असं लिहून ठेवलं होतं, आणि स्वराज्यातही तो शेरा तसाच राहिला. पडीक म्हटलं की काहीतरी करायला हवं. 1972 च्या दुष्काळानंतर माळांवर चर खणले गेले, गिरिपुष्पासारखी झाडं लावली गेली. गवताच्या जागी झाडोरा आला की ती प्रगती, असं वनखात्यालाही वाटत होतं.

त्याच 1972 मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला. आज लांडगा त्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंगतीत आहे. 1976 मध्ये तेव्हाच्या बिहारमधल्या पलामू भागात महुआडांड इथे खास लांडग्यासाठी अभयारण्य झालं. महाराष्ट्रात सोलापूरजवळचं नान्नज माळढोकासाठी राखलं गेलं, नगर जिल्ह्यातलं रेहेकुरी काळविटासाठी, सुप्याजवळचं मयूरेश्वर चिंकाऱ्यासाठी. लांडगा या तिन्ही ठिकाणी पाहुणा म्हणून राहिला. तसंही मयूरेश्वरचं क्षेत्र साडेपाच चौरस किलोमीटरही नाही. लांडग्यांच्या एका टोळीला ते एका रात्रीच्या फेरफटक्यालाही पुरत नाही.

कायद्याने लांडगा वाचला, पण जुनी भीती कुठे गेली नव्हती. 1996 च्या उन्हाळ्यापासून उत्तर प्रदेशातल्या प्रतापगड, जौनपूर आणि सुलतानपूर जिल्ह्यांत मुलं उचलली जाऊ लागली. सुलतानपूर तेच, स्लीमनचं. काही महिन्यांत 70 हून अधिक मुलांवर हल्ले झाले, त्यांतली अनेक दगावली. लांडग्याचं रूप घेतलेली माणसं फिरताहेत, पाकिस्तानने पाठवलेले हस्तक लांडग्याची कातडी पांघरून येतात, अशा अफवा उठल्या आणि अनोळखी माणसांना जमावाचा मार बसला. वन्यजीव शास्त्रज्ञ यादवेंद्रदेव झाला यांनी तिथे जाऊन माग काढला, जखमा आणि जागा तपासल्या. लांडगाच होता, तोही बहुधा एखाद-दुसरा, माणसाच्या शिकारीला चटावलेला. बळी जवळजवळ सगळे गरिबाघरचे. शेळी आत बांधलेली आणि मूल दाराबाहेर, हे चित्र शंभर वर्षांत फारसं बदललं नव्हतं. 2024 मध्ये बहराइच जिल्ह्यातल्या महसी तालुक्यात पुन्हा तेच. दहाच्या आसपास बळी, बहुतेक लहान मुलं; आकाशात ड्रोन, शेतांत पिंजरे. पाच लांडगे पकडले गेले आणि सहावा गावकऱ्यांनी ठेचून मारला. ज्या आईचं मूल गेलं तिला संरक्षणाची अनुसूची सांगण्यात अर्थ नाही, हे मान्य करूनच पुढे बोलायला हवं.

देशात आज हिंदुस्थानी लांडगे सुमारे तीन हजार उरले आहेत, म्हणजे वाघांपेक्षाही कमी. त्यांतले बहुसंख्य कुठल्याही अभयारण्याबाहेर, शेतं आणि माळ यांच्या सांध्यावर राहतात. पुणे जिल्ह्यातल्या सासवड, बारामती, इंदापूरच्या माळांवर त्यांच्या टोळ्या अजून आहेत. कडबनवाडीला तर वनखात्याने माळरानाची सफारी सुरू केली आहे, आणि सुट्टीच्या दिवशी लांडगा बघायला गाड्या येतात. त्याच माळांवर उकिरड्यांवर पोसलेली भटकी कुत्री आली आहेत. त्यांच्याकडून रोग येतात आणि संकरही होतो. पुण्याजवळ दिसलेल्या पिवळट रंगाच्या एका जनावराच्या जनुकीय तपासणीत लांडगा आणि कुत्र्याचा संकर शास्त्रज्ञांनी 2023 मध्ये सिद्ध केला. प्लॉटिंगचे दगड, सौर प्रकल्पांची कुंपणं आणि रस्ते रोज नवीन जागा खातात ते वेगळंच.

या सगळ्यात लांडग्याला खरोखर पोसणारा माणूस कोण, तर धनगर. काळवीट उरलं नाही तिथे त्याच्या मेंढरांवरच लांडगा जगतो आहे. वन्यप्राण्याने मारलेल्या जनावराची भरपाई देण्याची तरतूद महाराष्ट्रात आहे आणि तीत लांडगाही आहे. पण त्यासाठी ठरलेल्या मुदतीत खबर द्यायची, मेलेलं जनावर जागेवर ठेवायचं, पंचनामा होईपर्यंत थांबायचं. लांडगा कोकरू उचलून नेतो, तेव्हा दाखवायला काही उरत नाही. आणि वाडा एका जागी थांबला तर उरलेली दोनशे मेंढरं उपाशी मरतात. त्यामुळे बहुतेक धनगर कचेरीची पायरीच चढत नाहीत. दीडशे वर्षांपूर्वीची कचेरी लांडग्याचं डोकं दाखवताच पैसे मोजत होती. आजच्या वनखात्याने फिरत्या वाड्यावर जाऊन, तिथल्या तिथे फोनवर छायाचित्र घेऊन भरपाईची नोंद केली पाहिजे, आणि चराईच्या वाटा बंद करण्याआधी धनगरांना विचारलं पाहिजे. नव्या अभयारण्याच्या घोषणेआधी हे काम व्हावं.